न रेटता कापलेलं शिंग

मित्रांनो, मी बोटभर लांबीचं एक जुनं पोलादी पातं आहे. मला दाते नाहीत. यंत्रात बसवून वीज सुरू केली की मी सेकंदाला वीस हजार वेळा थरथरतं, पण ते कुणाच्या कानाला कळत नाही.

१९५७ साली कुंभकोणमच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या वैद्यनाथरावांनी मला घडवलं, ते त्यांच्या गोदाआत्यांसाठी. वीणेवरच्या नक्षीला लागणाऱ्या सांबरशिंगाच्या पट्ट्या आत्या कापायच्या. एकदा पाय घसरला, मनगट मोडलं, वाकडं सांधलं आणि करवत रेटायचं बळच गेलं. तंजावरचे वीणा घडवणारे गुरुमूर्ति आचारी सहा महिने थांबले. मग शिंगाचे दोन तुकडे पाठवून त्यांनी निरोप दिला, "पोंगलपर्यंत झालं नाही, तर काम दुसऱ्याकडे द्यावं लागेल."

पहिला तुकडा वैद्यनाथरावांनी स्वतः माझ्यावर धरला. काप पुढे सरकेना, तसा त्यांनी जोर लावला. मी जागच्या जागी घासत राहिलं, तापत गेलं. शिंग पिवळं पडलं, मग काळं. केस जळाल्यासारखा वास घरभर पसरला.

"पोदुम्, वैद्या! पुरे!" आत्या ओरडल्या. तेवढ्यात तुकडा तडकला.

"पातंच वाईट निघालं," वैद्यनाथराव खिन्नपणे म्हणाले.

"पातं बरं आहे. तू रेटतोस. शिंगाला रेटलेलं सोसत नाही. दे इकडे."

"पण आत्या, तुझ्या हातात जोर कुठे आहे?"

"नाही, म्हणूनच दे."

उरलेला एकच तुकडा आत्यांनी मला नुसता टेकवला. वर ओल्या कापसाची वात वैद्यनाथरावांना धरायला लावली. थेंब पडत राहिले. जरा कापलं की त्या शिंग मागे घ्यायच्या, मला निवू द्यायच्या, मग पुन्हा टेकवायच्या. संध्याकाळी पहिली पट्टी सुटली, दुधासारखी पांढरी. आत्यांनी ती खिडकीशी धरली आणि कितीतरी वेळ खाली ठेवलीच नाही.

पोंगलच्या तीन दिवस आधी काम पुरं झालं. आचारी स्वतः आले, पट्ट्यांवरून नख फिरवलं आणि पिशवीतून नवं शिंग काढून आत्यांपुढे ठेवलं.

चार वर्षं मी राबलं. मग थरथरून अंगाला बारीक चीर गेली. आता माझ्या जागी नवं पातं आहे आणि मी तेलाच्या फडक्यात पडून असतं.

मित्रांनो, घरातल्या जुन्या हत्याराला अधूनमधून तेलाचं बोट लावत जा. आणि हातातलं बळ गेलं म्हणजे कसबही गेलं, असं कुणाबद्दल धरून चालू नका. आधी त्याला एकदा करून पाहू द्या.