एक तास पुढे चालणारे घड्याळ

मित्रांनो, मी एक जुने गजराचे घड्याळ आहे. जीव मुठीएवढा, पण टिकटिक साऱ्या घराला ऐकू जाईल अशी. स्वस्थ बसणे माझ्या नशिबी नाही.

माझा जन्म रुमानियातला. याश शहरातल्या लुमिनित्साच्या आईने मला विकत घेतले. पुढे लुमिनित्सा इटलीत, बोलोन्याला, एर्मिनिया आजींची देखभाल करायला गेली, तेव्हा आईने मला तिच्या पिशवीत घातले. अंतर सुमारे तेराशे किलोमीटर. विमानाला जेमतेम दोन तास. बोलोन्याची वेळ याशच्या एक तास मागे, पण लुमिनित्साने माझे काटे कधी मागे घेतले नाहीत. "आई आता कोबी चिरत असेल," असे ती माझ्याकडे बघून म्हणायची, आणि इथली वेळ हवी असली की मनातल्या मनात एक तास वजा करायची. आजी चिडवत, "तुझं घड्याळ म्हणजे उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!"

एके दिवशी आईच्या शेजारणीचा, पराश्किवामावशींचा फोन आला. "आईचं काही खरं नाही, पोरी. डोळे सारखे दाराकडे लागलेत."

आमच्याकडे माणूस जाताना त्याच्या हातात पेटती मेणबत्ती हवी, आणि ती पोटच्या लेकराने धरावी. नाहीतर पुढची वाट अंधारी. लुमिनित्साच्या काळजाचे पाणी पाणी झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराचे विमान मिळाले. 'दहाला निघायचं, म्हणजे घड्याळात अकरा,' हे ती दहादा पुटपुटली. तेव्हा मोबाइल घरोघरी नव्हते. तिची सारी भिस्त माझ्यावर.

सकाळी ती आंघोळीला गेली आणि आजी काठी टेकत आल्या. "आज तरी पोरीचा घोटाळा नको," म्हणत त्यांनी माझे काटे तासभर मागे फिरवले. मी जीव तोडून टिकटिक केली, पण घड्याळाची टिकटिक कोण मनावर घेतो? बोलोन्याची खरी वेळ मी पहिल्यांदाच दाखवत होतो, आणि तीच नडली.

माझ्यात अकरा वाजले तेव्हा लुमिनित्सा निघाली. विमानतळावर पोचली तर दार बंद.

"मेल्या, आजच मागे पडायचं होतं तुला?" ती मला म्हणाली आणि रडत बस पकडायला धावली, कारण पुढचे विमान तीन दिवसांनी होते. बसला दीड दिवस लागला. पिशवीत माझी नुसती तळमळ चालली होती.

आम्ही पोचण्याच्या तासभर आधी आई गेली. मेणबत्ती मावशींनी धरली होती.

संध्याकाळी आजींचा फोन आला. "वेळेत पोचलीस ना गं? मीच तुझं घड्याळ नीट लावून ठेवलं होतं. म्हटलं, चुकायला नको."

लुमिनित्साने माझ्याकडे पाहिले.

"पोचले, आजी," ती म्हणाली. "तुम्ही औषध घेतलंत का?"

मित्रांनो, कुणाचे भले करायला जाल तेव्हा आधी त्याला विचारा. घड्याळाचे काटे मागे फिरवता येतात, म्हणून ते फिरवणे सोपे वाटते.