कोरडी पिशवी

हॉस्पिटलच्या लाँड्रीत ती एकोणीस वर्षं नोकरी करत होती. ड्रायरमधून निघालेली चादर कोरडी आहे की दमट, हे तिला मनगटाच्या आतल्या बाजूला कापड टेकवलं की कळायचं. नव्या मुली तळहाताने चाचपत बसायच्या आणि हमखास फसायच्या.

तिचे मिस्टर जमीन मोजणीच्या खात्यातून मागच्या वर्षी रिटायर झाले. सगळे त्यांना अजून मोजणीदारच म्हणत. दर हिवाळ्यात दोन दिवस डोंगरावरच्या जंगलात जायचं, झाडांना हॅमॉक बांधायचे आणि त्यात रात्र काढायची, हा त्यांचा बावीस वर्षांचा नेम. जोडीला त्यांचा मित्र, गल्लीच्या तोंडाशी औषधांचं दुकान असलेला केमिस्ट. परत आले की दोघांच्या आठवडाभर त्याच गप्पा. किती डिग्री होतं, वारा कुठून होता. ती चहाचे कप ठेवता ठेवता ऐकायची.

यंदा केमिस्टची कंबर धरली. मोजणीदार दोन दिवस घुम्यासारखे बसून होते. तिसऱ्या दिवशी जेवताना ताटाकडे बघत म्हणाले, "तू येतेस का?"

तिला एवढा आनंद झाला की वाढायचंच राहिलं. दुसऱ्या दिवशी तिने लोकरीचे मोजे आणले आणि लाँड्रीत सगळ्यांना सांगून टाकलं.

"या वयात हनिमून?" इस्त्रीवाली म्हणाली.

"गप्प बस गं," ती म्हणाली, पण दिवसभर हसत होती.

शनिवारी सकाळी निघाले. चढ सुरू झाला तशी भुरभुर लागली. बॅगेच्या आत घालायची प्लास्टिकची मोठी पिशवी एकच होती, ती मोजणीदारांनी आपल्या बॅगेत घातली होती. "खाणं माझ्याकडे आहे ना," ते म्हणाले. तिला ते पटलं. तिच्या बॅगेत तिच्या रजया होत्या.

मुक्कामाची जागा छान होती. उंच, सरळ झाडं आणि खाली ओढा. मोजणीदार एकदम तरुण झाल्यासारखे पटापट हात चालवत होते. आधी ताडपत्री, मग तिच्याखाली दोन हॅमॉक.

"झोळी चांगली ऐसपैस आहे की," ती म्हणाली.

"झोळी बाळाची असते. हा हॅमॉक." मग त्यांनी समजावलं, "यात थंडी पाठीला वाजते. कितीही जाड अंथरूण घाल, आपल्या वजनाने ते चेपतं आणि चेपलं की ऊब संपली. म्हणून ही रजई खालून, बाहेरच्या बाजूने टांगायची. पाठीला चिकटून, पण चेपता कामा नये. आणि या दोरीला ही सुतळी बांधायची. दोरीवरून ओघळणारं पाणी सुतळीवरून खाली गळतं, आत येत नाही."

त्यांनी तिला एवढा वेळ काही समजावून सांगितल्याला कित्येक वर्षं झाली होती. ती मन लावून ऐकत होती. मग खालची रजई बांधायला तिने ती हातात घेतली, आणि सवयीने मनगटाला लावली.

"अहो, ही दमट आहे."

"थंड आहे. थंड कापड हाताला ओलंच लागतं."

"हाताला नाही, मनगटाला लावून बघितलं. आतला कापूस गोळा झालाय बघा."

"आता इथे मला तू शिकवणार?" ते हसत म्हणाले, पण पुढची गाठ जरा जोरात आवळली.

पहिल्यांदाच आलेय, कशाला तोंड उघडायचं, असं म्हणून तिने रजई तशीच बांधून टाकली.

अंधार पडला तसा वारा सुटला. पहिला तासभर बरा गेला. मग पाठीखालून थंडी चढायला लागली, जशी फरशीवर उघड्या पाठीने झोपल्यावर चढते. तिने कूस बदलली, गुडघे पोटाशी घेतले. दात वाजायला लागले.

"अहो."

"हं?"

"फार थंडी वाजतेय हो."

"पायाची बोटं हलव. थोडे शेंगदाणे खा, पोटात काही गेलं की ऊब येते."

तिने शेंगदाणे खाल्ले, बोटं हलवली. थोड्या वेळाने पुन्हा हाक मारली. या वेळी उत्तर आलं नाही, घोरणं ऐकू आलं. शेवटी ती खाली उतरली आणि उजाडेपर्यंत दोन झाडांच्या मधे येरझाऱ्या घालत राहिली. पायाला अंदाज यायला लागला होता, कुठे मूळ आहे, कुठे दगड.

सकाळी मोजणीदार आळोखेपिळोखे देत उठले. थर्मामीटर बघितला. "चार! मला वाटलंच होतं." मग आवराआवर करताना त्यांनी आपल्या बॅगेच्या तळातून एक जाड रबरी पिशवी काढली. तोंड गुंडाळून घट्ट बंद केलेली. त्यातून त्यांनी कोरडे मोजे काढले. मोज्यांखाली लोकरीचं जाड ब्लँकेट दिसलं, आणि स्वेटर.

ती बघत राहिली. "हे काय आहे?"

"इमर्जन्सीचं."

"रात्री होतं हे?"

"म्हणजे काय, कायम असतं."

"मी हाक मारली होती तुम्हाला."

"तू म्हणालीस थंडी वाजतेय. चार डिग्रीला थंडी वाजणारच. ती इमर्जन्सी नव्हे." ते एका पायावर उभे राहून मोजा चढवत होते. "आणि मागितलं असतंस तर दिलं नसतं का?"

"मला माहीतच नव्हतं, तर मागू काय?"

"बरं, आता घे ना. घाल स्वेटर." त्यांनी स्वेटर पुढे केला.

तिने तो घेतला नाही. ऊन आलं होतं आणि उतार होता. सगळ्या वाटेत त्या दोघांत जेमतेम चार वाक्यं झाली असतील, तीही पाय जपून टाकण्याबद्दल.

घरी आल्यावर तिने अंथरूण धरलं. ताप, मग छातीत कफ. अकरा दिवस रजा झाली. मोजणीदारांनी डॉक्टर आणला, पेज करून दिली, गोळ्यांच्या वेळा कागदावर लिहून कपाटाला चिकटवल्या. कुणी विचारलं तर सांगायचे, "रात्र उत्तम गेली. हिला जरा थंडी सोसत नाही, एवढंच."

नवव्या दिवशी केमिस्ट कमरेला पट्टा बांधून, खोकल्याची बाटली घेऊन आला. मोजणीदार बँकेत गेले होते.

"वहिनी, तुम्ही त्याची पिशवी नाही का काढायला लावलीत?" तो खुर्चीत हळूच टेकत म्हणाला. "मी दुसऱ्याच वर्षी गारठलो होतो. तोंडातून शब्द नाही काढला. यानेच माझे दात वाजताना ऐकले, अंधारात उठला, ब्लँकेट काढून अंगावर टाकलं. मी आपला नको नको करतोय. वर पाणी गरम करून बाटली दिली पायाशी. असा माणूस मिळायला नशीब लागतं."

"हो," ती म्हणाली. तिला खोकल्याची उबळ आली, म्हणून पुढे काही बोलावं लागलं नाही.

संध्याकाळी मोजणीदार तिच्या पायाशी बसून पासबुकाच्या नोंदी बघत होते.

"भावोजींना तुम्ही न मागता ब्लँकेट दिलं होतं ना?"

त्यांनी मान वर केली. वीस-एकवीस वर्षांपूर्वीचं आठवायला थोडा वेळ लागला.

"दिलं असेल. अगं, परक्या घरचा माणूस. त्याला काही झालं असतं तर त्याच्या बायकोला मी काय तोंड दाखवलं असतं?"

तिला वाटलं, आता यांचं यांनाच ऐकू येईल. मोजणीदार पुन्हा पासबुकात बघायला लागले होते. तिचे आईवडील कधीच गेले होते, भाऊ नव्हता. तिच्याबद्दल त्यांना तोंड दाखवावं लागेल असं जगात कुणी उरलेलंच नव्हतं, आणि ती स्वतः त्या हिशोबात कुठे बसतच नव्हती.

"सहाची गोळी घेतलीस का?" त्यांनी न बघता विचारलं.

"घेते," ती म्हणाली आणि भिंतीकडे वळली.