किचनसह, समुद्राजवळ

जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्गच्या मराठी माणसाला युरोप बघायची फार हौस. तिथलं काही खावं मात्र लागू नये, एवढीच त्याची माफक अपेक्षा असते. सत्यजित आणि विलास हे या बाबतीत मंडळींचे म्होरके. तिथल्या मोटारींच्या कंपनीत एक जण गाडीचं सस्पेन्शन तपासायचा, दुसरा दारांची रबरं. दोघं मिळून दरवर्षी सहल आखायचे आणि त्यांच्या बायका ती शिजवायच्या.

मागच्या वर्षी फ्रान्समध्ये नीसला गेले होते. नीसचा कार्निव्हल जगप्रसिद्ध आहे, आणि सत्यजितच्या बायकोनं, स्वरूपानं, तो ऐकलाही होता. मिरवणूक आली तेव्हा ती भाड्याच्या फ्लॅटच्या ओट्यापाशी सगळ्यांच्या पोळ्या लाटत होती. खिडकीतून समुद्राचा एक तुकडा दिसायचा, साधारण लाटण्याएवढा. बाकीचा समुद्र सत्यजितनं फोटोत आणून दाखवला, म्हणजे तसं तिचं काही हुकलं नव्हतं.

पोळ्या लाटता लाटताच तिनं ठरवलं, की पुढच्या सहलीत शेगडीला हात लावायचा नाही. तसं तिनं सत्यजितला सांगितलंही. तो "गेनाऊ" म्हणाला, म्हणजे अगदी बरोबर. जर्मनीत बरीच वर्षं काढलेला माणूस ऐकत नसला, की गेनाऊ म्हणतो.

या वर्षीच्या बैठकीला शनिवारी दुपारी विलास आणि त्याची बायको कौमुदी आली. सत्यजितनं लॅपटॉप टीव्हीला जोडला. त्याच्या आई मालिनीबाई, तिकीट स्वस्त मिळालं म्हणून ऐन थंडीत पुण्याहून आलेल्या, हीटरला पाय लावून सोफ्यावर बसल्या होत्या.

"तर स्पेनमधलं व्हॅलेन्सिया," सत्यजित म्हणाला. "मार्चमध्ये चौकाचौकात पुतळे उभे करतात. चार-चार मजली. पुढाऱ्यांची वगैरे टिंगल केलेली असते. वर्षभर खपून बनवतात आणि शेवटच्या रात्री जाळून टाकतात."

"आपल्याकडे विसर्जन, त्यांच्याकडे दहन," विलास म्हणाला. "मूळ कल्पना आपलीच."

"शिवाय रोज भर दुपारी मुख्य चौकात फटाके. बघायला नाही, नुसता आवाज ऐकायला."

"त्यासाठी विमानानं कशाला जायचं?" मालिनीबाई म्हणाल्या. "आमच्या सोसायटीसमोर मंगल कार्यालय आहे."

"आई, ऐक तर. राहायचंही ठरलं. समुद्राजवळ फ्लॅट, किचनसह."

चहाचे कप ठेवणाऱ्या स्वरूपाचा हात थांबला.

"मालकिणीला मी एकच प्रश्न विचारला," सत्यजितनं अभिमानानं सांगितलं. "शेगडी इंडक्शनची आहे का? नाही म्हणाली. म्हणजे आपला अ‍ॅल्युमिनियमचा कुकर चालेल."

रोमनांनी वसवलेल्या शहराबद्दल एका सुशिक्षित इंजिनियरला एवढंच जाणून घ्यायचं होतं. मालकिणीनं त्याला न विचारता बाजारपेठेची, किनाऱ्यावरच्या हॉटेलांची नावं कळवली होती. ती त्याला जाहिरात वाटली.

"अरे, पण तिथे लोक पाएया खायला जातात," कौमुदी म्हणाली. "मोठ्या कढईतला भात."

"त्यात ससा असतो," विलास म्हणाला.

"नुसत्या भाज्यांचाही मिळतो. वाचलंय मी."

"मग तो मसाला विसरलेला मसालेभातच झाला ना. स्वरूपावहिनी न विसरता करतील."

"आणि रात्रीची जेवणं तिथे नऊनंतर," सत्यजित म्हणाला. "तोवर आपलं जेवण होऊन, भांडी होऊन, लोळणं चालू असेल."

"भांडी कोण करणार?" स्वरूपानं विचारलं.

"होतील गं." त्याच्या आजवरच्या आयुष्यात ती होतच आली होती.

"मी स्वयंपाक करणार नाहीये. सांगितलं होतं तुला."

विलासनं बिस्कीट चहात बुडवलं आणि फार वेळ तिथेच ठेवलं.

"माझं काय, मी ब्रेड खाऊन राहीन," सत्यजित आवाज खाली आणून म्हणाला. "पण आईचं काय? तिला बाहेरचं चालत नाही."

मराठी घरात आई हे शेवटचं कोर्ट. तिथला निकाल मुलगा परस्पर वाचून दाखवतो, आईला त्यासाठी उठावं लागत नाही. मालिनीबाई हाताच्या अंतरावर बसल्या होत्या. स्वरूपानं त्या घराण्यात कोणी केलं नव्हतं ते केलं. वळली आणि विचारलं.

"आई, तुम्हाला बाहेरचं चालत नाही?"

"न चालायला काय झालं? भिशीच्या बायका दर महिन्याला हॉटेलात जातो की आम्ही. मागे कुंदानं मोमो खायला घातले. छान होते."

"मोमो?" सत्यजितचा चेहरा ब्रेक फेल झाल्यासारखा झाला. "आई, तू मोमो खातेस? मला कधी बोलली नाहीस."

"तू फोनवर 'जेवलीस का' एवढंच विचारतोस. 'काय जेवलीस', असं कधी विचारलंयस?" मग त्या सुनेकडे वळल्या. "आणि दोन महिने तुझ्या हातचं जेवले, तेव्हा काही म्हटलं का? तिथलंही निभावेन."

कौमुदी खिडकीतून खालच्या गाड्या बघू लागली. वोल्फ्सबुर्गमध्ये बघायला त्या नेहमीच असतात.

स्वरूपाला अपमान आणि विजय एकाच ताटात वाढून आले होते. तिनं क्षणभर दोन्हीकडे पाहिलं. मग विजय उचलला. अपमान सहलीहून परत आल्यावर निवांत गरम करून घेता आला असता.

"ठरलं तर," ती म्हणाली. "मी आणि आई बाहेर जेवणार."

"मीही," कौमुदी म्हणाली. विलासचं बिस्कीट कपात पडलं.

"म्हणजे... रोज वरणभात नाही?" सत्यजितनं विचारलं. आवाज इतका केविलवाणा होता, की किचन कुणासाठी घेतलं होतं ते सगळ्यांना एकदमच कळलं.

"लाव की तू," मालिनीबाई म्हणाल्या. "अडवलंय कोणी?"

दुसऱ्या दिवशी रविवारी सत्यजितनं सराव म्हणून कुकर लावला. जर्मनीत रविवारी रिकाम्या बाटल्यासुद्धा कचरापेटीत टाकत नाहीत, खळ्ळ आवाज होतो म्हणून. इथे तर शिट्ट्या झाल्या. खालच्या मजल्यावरच्या आजीबाईंनी दाराची घंटा वाजवली.

"स्वरूपा, बघतेस का गं?" आतून हाक आली. "आणि हळद आधी घालायची की नंतर?"

स्वरूपा सासूशेजारी बसून फोनवर व्हॅलेन्सियाचे रस्ते बघत होती. "हे बघा आई, अगदी आपल्यासारखे भोपळ्याचे घारगे. उत्सवात रस्त्यावर कढया लावून तळतात."

"तळतं कोण?"

"तिथलेच लोक."

"मग बरे असतील," मालिनीबाई म्हणाल्या, आणि फोन नीट दिसावा म्हणून सुनेला आणखी खेटून बसल्या. घंटा पुन्हा वाजली. दोघींपैकी कोणीही उठलं नाही.