काजळीचं कडं

काडतूस अर्ध्यावर अडकलं. मार्लाने अंगठ्याने दाबून पाहिलं आणि रिव्हॉल्व्हर टेबलावरच्या वर्तमानपत्रावर ठेवून दिलं.

"डॅडी, ममाच्या या बंदुकीत गोळी शिरत नाही."

"नीट दाब. बरणीचं झाकण लावतेस का?"

"मग तुम्हीच बघा."

एल्डनने चष्मा लावला. काडतूस बरोबर होतं. लांब, जोरकस. दर नाताळला तो बायकोसाठी, वर्नासाठी, याच काडतुसांचा डबा आणायचा. डब्याची लाल रिबीन मार्लाने आत्ताच सोडली होती. पण गोळ्या भरायच्या चक्रीच्या सहा घरांपैकी एकातही ते पूर्ण जाईना.

मार्लाला हत्यार आजच हवं होतं. तिचा नवरा कर्टिस उद्या तुरुंगातून सुटणार होता. सुटल्यावर आधी कुठे जाणार, हे त्याने भर कोर्टात तिच्याकडे बघून सांगितलं होतं. शेरीफची गाडी डोंगर चढून तिच्या दारात येईपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलं असतं.

एल्डनने चक्री बाजूला उघडून खिडकीच्या उजेडात धरली. प्रत्येक घराच्या आत, थोडं खोल, काळं खरखरीत कडं होतं.

हे रिव्हॉल्व्हर त्याने कधी आतून पाहिलंच नव्हतं. वर्ना गेल्यापासून तिच्या ड्रॉवरला हात लावायचा त्याला धीर झाला नव्हता, आणि ती असताना घरात त्याचाच नियम होता: ज्याने झाडली त्याने पुसायची. रविवारी चर्चहून आलं की दोघं घरामागच्या बंद खाणीच्या तोंडाशी डबे मांडून नेम धरायची, आपापल्या पुंगळ्या वेचायची, आणि मग या टेबलाशी समोरासमोर बसून आपापलं साफ करायची. वर्नाची बोटं जेवणापर्यंत काळीच असायची.

"माझीच एवढी का मळते रे?" ती विचारायची. "तुझं पिस्तूल बघ, कसं नटून बसलंय."

"माझ्याची घाण पोटात राहते. तुझ्यात चक्री आणि नळीच्या मधे फट असते, तिथून धूर फुटतो. मळणारच."

"म्हणजे माझ्यासारखीच आहे. पोटात काही राहत नाही."

त्यावर दोघं हसायची.

पण हे कडं फटीपाशी नव्हतं, घराच्या आत होतं. या रिव्हॉल्व्हरला लांब आणि आखूड दोन्ही काडतुसं चालतात, पण लांब घरात आखूड काडतूस झाडत राहिलं की ते असं बसतं. पुंगळी जिथे संपते, तिथून पुढे दर गोळीमागे काजळी आणि शिसं धरत जातं. नुसत्या फडक्याने ते निघत नाही. एवढं जाड व्हायला वर्षं जावी लागतात.

"तुझी आई आखूड गोळ्या कशाला वापरत होती?"

मार्ला रिबीन बोटाला गुंडाळत राहिली.

"तिचे हात दुखायचे, डॅडी. लांब गोळीच्या धक्क्याने रात्रभर ठणकायचे. डॉक्टरकडे गेली त्याच्या कितीतरी आधीपासून."

"मला नाही बोलली."

"कळलं तर म्हातारा माझा रविवार बंद करील, म्हणायची."

खाणीतल्या सुरुंगांनी एल्डनचे कान केव्हाच गेले होते. कुठला बार मोठा, कुठला लहान, त्याला कळलं नसतं. वर्नाला ते ठाऊक होतं.

त्याने पितळी ब्रश तेलात बुडवला आणि पहिल्या घरात घातला. बराच वेळ घासल्यावर कागदावर काळा ओघळ आला. त्याने पुन्हा काडतूस घालून पाहिलं. आत गेलं.

"झालं. आता बाकीची."

मार्लाने कॉफीचा कप उचलला. डाव्या हाताने. ती डावरी नव्हती.

"हात दाखव."

"बरा आहे आता."

"दाखव म्हणतो ना."

तिने बाही वर केली. कर्टिसने पिरगाळलेल्या मनगटाचं हाड वाकडं जुळून वर आलं होतं. एल्डनने त्यावर अंगठा टेकवला तशी तिने दातावर दात धरले.

"या हाताने लांब गोळी झाडणार होतीस?"

"तुम्हीच सांगितलंत ना, आखूडने माणूस थांबत नाही म्हणून."

त्याने ब्रश खाली ठेवला. उठून वर्नाचा ड्रॉवर उघडला आणि मागे हात घातला. नाताळचे डबे तिथे ओळीने होते, रिबिनी न सोडलेले. त्यांच्यामागे एक मऊ पडलेला, अर्धा रिकामा डबा होता. त्यातली आखूड काडतुसं त्याने एकेक करून घातली. प्रत्येक काडतूस सहज आत गेलं आणि बसलं.

"हीही माणसाला तेवढीच थांबवतात," तो म्हणाला. "जवळून झाड. दोन्ही हातांनी धर."

"आणि ते कडं? एकच घर साफ झालंय."

"राहू दे. आखूडला अडत नाही."

तिची गाडी उतारावरून दिसेनाशी होईपर्यंत तो दारात उभा राहिला. मग मोरीपाशी जाऊन त्याने नळ सोडला, काळ्या बोटांकडे पाहिलं आणि नळ बंद करून तसाच जेवायला बसला.