मामा उठेना

बालिगे गावातल्या मांडवात ढोल वाजू लागले आणि पार्तोगीने टेबलाखाली पाय आखडून घेतला. मामाने नाचत जाऊन भाचीच्या खांद्यावर उलोसची, म्हणजे मानाच्या हातमागाच्या कापडाची, शाल घालायची, तेव्हा कुठे लग्नाला आशीर्वाद लागतो. आणि इथे मामाच्या पायाचा अंगठा बुटात वांग्यासारखा सुजलेला! सकाळी बूट चढवताना त्याने रुमाल दातांत धरला होता.

"सांगून टाका ना," बायको तिउर्मा पुटपुटली.

"पायाचं सांगितलं की औषधं विचारतील. थायरॉईडचं निघालं तर?"

"निघू दे की! डॉक्टरीणबाई म्हणाल्या ना, थायरॉईड मंद पडलं की युरिक ॲसिडही साचू शकतं. तुम्ही गोळी लपवून ठेवता आणि आठवलं तर घेता."

"गळ्याचा आजार बायकांचा. थोरला आहे मी. माझं हसं करू नकोस."

अंगठा ठणकत असतानाही या माणसाला पडलं होतं कशाचं, तर पुरुषपणाचं.

आईवडिलांच्या अस्थी कोणत्या थडग्यात ठेवायच्या यावरून दोन वर्षांपूर्वी त्याचं धाकट्या बहिणीच्या नवऱ्याशी, म्हणजे नवरीच्या बापाशी, मोनांगशी, वाजलं होतं. त्यानंतर पार्तोगीचा आवाज घोगरा झाला, चेहरा फुगला, उत्तर द्यायला वेळ लागू लागला. त्या बहिणीने, रोसिंताने, त्याचा अर्थ लावला, दादा अजून धुमसतोय.

तिने मानाचा वाटा, डुकराच्या मांसाचं ताट, त्याच्यापुढे ठेवलं. पार्तोगीने ते हळूच बाजूला सारलं; मांस खाल्लं की अंगठा आणखी ठणकायचा. रोसिंताचा चेहरा पडला.

ढोलकऱ्यांनी तोच ठेका पुन्हा धरला. मामा उठेना. समोर भाची नौली मान खाली घालून उभी होती. वराकडचे वडीलधारे कुजबुजू लागले होते. मामाचा आशीर्वाद नसलेली सून घरात नको, असं उद्या कुणीही म्हणेल, हे पार्तोगीला पक्कं ठाऊक होतं. तो टेबलाला धरून अर्धा उठला, अंगठ्यातून कळ मस्तकात गेली आणि तो धपकन बसला.

मोनांग तरातरा आला. "दादा, राग असेल तर मला शिव्या घाला. माझ्या पोरीला शाप कशाला देता?"

"मी... मला..."

"बघा, आशीर्वादाचा एक शब्द फुटत नाही!"

नौलीच्या डोळ्यांतून टपकन पाणी पडलं. ते पाहून पार्तोगीचा जीव कासावीस झाला. त्याने माईक ओढून घेतला.

"मला गाऊट झालाय," तो घोगऱ्या आवाजात सावकाश म्हणाला. "आणि थायरॉईडही. हो, बायकांचा म्हणता ना, तोच. म्हणून बोलता येत नाही, उठवत नाही. पोरीवर राग कसला? हिला मी कडेवर खेळवलीय!"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मोनांग हसला नाही. बायकोच्या माहेरच्यांची सेवा करणं हे त्यांच्याकडे जावयाचं कामच. त्याने वाकून पार्तोगीचा बूट काढला, सुजलेला पाय पाहून "अरे देवा" म्हणाला आणि आपला खांदा त्याच्या काखेत दिला. तसाच लंगडत, ठेका चुकवत पार्तोगी भाचीपर्यंत पोहोचला. शाल घातली. आशीर्वादाला बराच वेळ लागला, पण घाई कुणी केली नाही.

रोसिंता बाजूलाच उभी होती. "दादा, तू रागावलायस असं समजून मी दोन नाताळ तुला बोलावलं नाही रे."

"ठाऊक आहे," पार्तोगी म्हणाला. "दोन्ही वेळा मी नवे कपडे घालून बसलो होतो."