चुकलेले माप

हॉलिस बोडेनने प्लायवूडचा शेवटचा स्क्रू काढला आणि फळी व्हरांड्याच्या कठड्याला टेकवून ठेवली. फळीआडचे पुढचे दार जसेच्या तसे होते. कुलपाच्या बाजूला फाटलेले, बिजागऱ्यांवर मात्र अजून सरळ. चार दिवसांपूर्वी, पोलीस गेल्यावर तासाभरात, त्यानेच ते फळीने झाकले होते. अंगणात पडलेले बाहेरचे जाळीचे दारही त्यानेच गाडीत टाकून भंगारात दिले होते. पोलिसांनी फोडलेली दारे बदलण्याचे नगरपालिकेचे काम तो अकरा वर्षे करत होता. फाटकी जाळी ही त्याला नवी गोष्ट नव्हती.

"उघडलंस एकदाचं," आतून व्हर्लीन पिकेट म्हणाली. "चार दिवस मागच्या दारानं येजा करतेय. शेजारीण म्हणते, स्वतःच्या घरात चोरासारखी काय शिरतेस? म्हटलं, बाई, पुढच्या दारानं येणारे कसे येतात ते ऐकलंस ना?"

हॉलिस हसला. लहानपणी ती चालवायची त्याच बसने तो शाळेत जायचा. त्याने पन्नाशी ओलांडली तरी ती त्याच्याशी मागच्या सीटवरच्या पोराशी बोलावे तशी बोलायची.

"ओथा कसे आहेत, मिस व्हर्लीन?"

"तुरुंगातलं जेवण फिक्कं आहे म्हणतो. म्हणजे बराच असणार. माझ्या जेवणालाही तेच म्हणतो."

तिने बाहेर येऊन कॉफीचा पेला कठड्यावर ठेवला.

घटना साऱ्या गल्लीला माहीत होती. मंगळवारी सकाळी सहाला पोलीस आले ते वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूला शोधत. भाडेकरू आठ महिन्यांपूर्वीच खोली सोडून गेला होता. दार फुटले तेव्हा व्हर्लीनचा अडुसष्ट वर्षांचा नवरा ओथा पायजम्यावर घरातल्या बोळकांडीत आला आणि पहिल्या माणसाच्या मनगटावर त्याने काठी हाणली. मनगट मोडले. पोलीस आहे हे ठाऊक असून हल्ला केला, असा आरोप ठेवला गेला. सोमवारी सुनावणी होती. आरोप टिकला तर कमीत कमी पाच वर्षे.

"ठाऊक असून म्हणे," व्हर्लीन म्हणाली. "चष्म्याशिवाय त्याला सकाळी समोर मी आहे की कपाट आहे तेही कळत नाही."

"त्यांनी ठोठावलं नव्हतं?"

"मी जागी होते रे. चहाचं पाणी ठेवत होते. ठोठावलं असतं तर मीच उघडलं नसतं का?" तिने एप्रनच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि चष्मा कपाळावरून खाली ओढला. "हा त्यांचा अहवाल. ऐक. ‘बाहेरचे जाळीचे दार उघडून धरले. आतील लाकडी दारावर तीन वेळा थाप मारली. पोलीस, वॉरंट आहे, असे मोठ्याने सांगितले. पंचवीस सेकंद वाट पाहून दार फोडले.’ वकीलबाई म्हणतात, तुमचा शब्द आणि त्यांचा शब्द. कोर्टात कुणाचा चालतो ते सांगायला वकील कशाला हवा?"

हॉलिसने ते वाक्य कुठेतरी ऐकले होते. न ठोठावता घुसण्याची वॉरंटे नगर परिषदेने दोन वर्षांपूर्वी बंद केली होती. तेव्हापासून जाळी, तीन थापा आणि पंचवीस सेकंद हे अहवालातले शब्द त्याच क्रमाने लोकांच्या तोंडून त्याच्या कानावर पडत होते. ज्या घरांना जाळीचे दारच नव्हते, त्या घरांतूनसुद्धा.

त्याने बिजागरीची खीळ सोडवायला पेचकस लावला. दुसऱ्या हाताने त्याने दार पेलून धरले, तो तळहात कुलपाशेजारच्या गोल खड्ड्यावर पडला. पोलिसांचा दार फोडायचा लोखंडी ठोकळा तिथेच आदळला होता. तळहाताला काहीतरी खरखरीत लागले.

तो थांबला. पेचकस खिशात ठेवून त्याने अंगठ्याने खड्ड्यातली धूळ पुसली, मग खाली बसून बाजूने पाहिले. हिरवा रंग दबलेला होता आणि त्या दबलेल्या रंगात बारीक चौकटी उमटल्या होत्या. शिवणीच्या टाक्यांसारख्या सरळ ओळी, आडव्या आणि उभ्या.

समोरच्या घरी कुणीतरी गळलेली पाने ओढत होते.

"काय झालं?" व्हर्लीनने विचारले.

"इथं बोट फिरवून बघा."

तिने फिरवले. "खवल्यांसारखं लागतंय."

"जाळी आहे. ठोकळ्याखाली दबून लाकडात उमटलीय."

"मग?"

"मग ठोकळा बसला तेव्हा जाळीचं दार मिटलेलं होतं."

तिने बोट काढले नाही. पुन्हा एकदा त्या गोलावरून फिरवले, या वेळी हळू.

"मग आतल्या दारावर त्यांनी थाप मारली कशी?" ती म्हणाली.

हॉलिस व्हरांड्यावरून उतरला. तो गाडीकडे गेला आणि नवे दार खांद्यावर घेऊन आला. ते चौकटीशेजारी उभे करून त्याने टेप काढला. आधी चौकट मोजली, मग दार. दोन्हीकडे आकडा बरोबर आला. त्याने टेप सोडला. तो सर्रकन आत गेला.

"बसत नाही," तो म्हणाला. "पाव इंच जास्त आहे."

"तू? आणि पाव इंच?"

"माप चुकलं माझं."

व्हर्लीन त्याच्याकडे पाहत राहिली. बसच्या आरशातून मागच्या सीटकडे पाहायची, तसेच. मग तिने कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

त्याने खीळ परत आत ठोकली आणि जुने दार दोन लांब स्क्रूंनी चौकटीला जखडले. फळी मात्र वर लावली नाही.

"वकीलबाईंना आजच बोलवा," तो म्हणाला. "चारनंतर. ऊन तिरपं येतं तेव्हा फोटो काढायला सांगा. समोरून काढला तर काही दिसणार नाही. आणि शेजारी पट्टी धरा, आकार कळायला."

"तू काही खाल्लंस का रे?"

"गाडीत आहे."

"गाडीत काय असणार? थांब." ती आत गेली आणि मक्याचा पाव कागदात गुंडाळून घेऊन आली. त्याच्या हातात देताना तिने त्याचे मनगट क्षणभर धरले, मग सोडले.

गाडीत बसून त्याने कामाचा कागद मांडीवर घेतला. खाली दोन चौकोन होते: नवे दार बसवले, जुने दार कचरा डेपोत टाकले. त्याने दोन्ही कोरे ठेवले आणि शेऱ्यात लिहिले: माप चुकले. नवे दार मागवावे लागेल. दहा दिवस. खाली सही केली.

नगरपालिकेच्या कचेरीतल्या रस्कचा फोन दुपारी आला.

"पिकेटचं काम बंद करायचंय आज. दार टाकलंस ना डेपोत?"

"नाही. माप चुकलं."

"तुझं?" रस्क मोठ्याने हसला. "म्हातारा झालास, बोडेन."

"झालो असेन."

"दुसऱ्या कुणाला पाठवू?"

"जुन्या चौकटी आहेत. दुसरा आणखी बिघडवेल. मीच बघतो."

"असं परत झालं तर मला यादीत तुझ्या जागी दुसरं नाव घालावं लागेल, कळलं ना?"

"कळलं."

पाचच्या सुमारास तो घरामागच्या शेडमध्ये रंधा पुसत होता, तेव्हा वकीलबाईंचा फोन आला. ऑलरेड नावाची तरुण बाई. भराभर बोलत होती.

"फोटो उत्तम आलेत, मिस्टर बोडेन. पट्टीसकट. पण सरकारी वकील म्हणणार, हे एकच दार आहे, जाळी वाऱ्यानं मिटली असेल. सगळ्या अहवालांत हेच वाक्य असतं, तेवढं मी दाखवू शकते. अशी आणखी दारं असतील तर गोष्ट वेगळी. तुम्ही इतकी वर्षं हे काम करताय. असं दुसरं कुठं पाहिलंत?"

"मी कधी पाहिलं नाही," हॉलिस म्हणाला. मग म्हणाला, "म्हणजे बघत नव्हतो."

"सगळी दारं डेपोत गेली?"

"बहुतेक."

फोन ठेवून तो शेडच्या मधोमध उभा राहिला. पोलिसांनी फोडलेले चांगल्या लाकडाचे एक दार त्याने मागच्या वर्षी डेपोत नेले नव्हते. कागदावर मात्र टाकले म्हणून खूण केली होती. सुताराच्या दोन लाकडी घोड्यांवर ते आडवे ठेवून त्याने त्याचे कामाचे टेबल केले होते. खराब बाजू खाली, गुळगुळीत बाजू वर.

त्याने त्यावरचे रंगाचे डबे एकेक करून जमिनीवर ठेवले. मग छिन्न्या, मग रंधा, मग गोंदाची बाटली. दोन्ही हातांनी कड धरून दार उलटे केले आणि खिडकीतून येणाऱ्या उन्हाकडे सरकवले.

गोल तिथे होता. त्यातल्या जाळीच्या चौकटी मोजता आल्या असत्या.

दारे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून तो प्रत्येक दाराच्या कडेवर घराचा पत्ता आणि तारीख लिहून ठेवत असे. त्याने कडेवरचा भुसा फुंकला आणि वाकून पाहिले. पेन्सिल फिकट झाली होती, पण पत्ता वाचता येत होता. अक्षर त्याचेच होते.