थोरलीवरची थाप

समुद्रकाठच्या सगळ्यात उंच डोंगरावर उभं राहून मी माझ्याच शर्टाची मळकी कॉलर मागून पाहिली आहे. हे कुणाला पटणार नाही, आणि ज्याला पटेल त्याच्या अकलेची मला काळजी वाटते. तरी सांगतो, कारण नुसत्या खोटेपणानं एवढं मोठं काम कुणी केलेलं माझ्या ऐकिवात नाही.

माझं बूट-दुरुस्तीचं दुकान आहे. डोंगर चढणारे झिजलेले तळ घेऊन येतात आणि तळ बघूनच मी सांगतो, कोण कुठवर गेलं होतं. टाच झिजलेली असेल तर गडी उतरताना घाबरलाय. तळ कोरा असेल तर पायथ्याशी चहा पिऊन, फोटो काढून परत आलाय.

बुधवारी भाची आली. तिनं काउंटरवर तिच्या बापाचे, म्हणजे माझ्या भाऊजींचे, जुने बूट ठेवले.

"मामा, माझी बदली झाली. सोमवारी निघायचंय. बाबांना बरोबर नेते."

"येतो म्हणाले?"

"मान हलवली."

"उभी की आडवी?"

"तेच तर कळलं नाही."

माझी ताई गेल्यापासून अकरा महिने भाऊजींच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता. डॉक्टरांनी घसा तपासला, घसा खणखणीत होता. आम्हीही शहाण्यासारखे त्यांच्यासमोर ताईचं नाव काढत नव्हतो.

"अगं, राहू दे त्यांना त्यांच्या घरात," मी म्हणालो. "मी आहे की."

"मामा, फोनवर मान हलवलेली ऐकू येत नाही. पडले-झडले तर हाक मारणार आहेत का? रविवारपर्यंत एक, फक्त एक वाक्य बोलले, तर घर तसंच ठेवते. नाहीतर कुलूप."

ते घर सोडलं तर भाऊजींचं काय उरणार होतं? नकाशा कचेरीत ते पस्तीस वर्षं मोजणीदार होते. आमच्या किनाऱ्यावरचे तीन डोंगर, धाकली, मधली आणि थोरली, त्यांनीच मोजले. त्यांच्या टेबलावर तो नकाशा लावलेला, आणि टेबलाशेजारच्या खिडकीतून खरी थोरली दिसते. माणूस मुळात कमी बोलायचा, पण चुकीचं ऐकून घ्यायचा नाही. कुणी म्हणालं, दवाखाना शंभर पावलांवर आहे, की हे उठून चालत जायचे आणि परत येऊन सांगायचे, "ब्याऐंशी." ताई म्हणायची, "घरात एक थापाड्या भाऊ आणि एक मोजपट्टी. मला रेडिओची गरज काय?"

काट्यानं काटा काढायचा. मी बुटांना नवे तळ लावले आणि भाचीला म्हणालो, "रविवारी तिघं थोरलीवर जाऊ."

खिंडीपर्यंत बस जाते, पुढे दोन तासांचा चढ. भाची पुढे, भाऊजी काठी टेकत मधे, मी मागे. पहिल्याच वळणावर मी सुरुवात केली.

"चाळीस वर्षांपूर्वी आम्ही दोघं इथं मोजणीला आलो होतो, भाऊजी आणि मी. तेव्हा हा चढ याच्या दुप्पट होता. पुढे लोकांनी चढून चढून झिजवला."

भाची हसली. भाऊजींची काठी क्षणभर अडली आणि पुन्हा टकटक करत चालू लागली.

"धुकं तर असलं दाट, की मी पिशवी त्यावर अडकवून विडी पेटवली. मग चामड्याच्या सुरीनं एक तुकडा कापला, घडी घालून खाली आणला आणि एका मास्तरांच्या बुटाला आतून लावला. त्यांचे मोजे अजून ओले येतात."

"मामा, लाज वाटते का?" भाची म्हणाली.

"वाटायची. धुक्यात हरवली."

भाऊजींच्या कानामागची शीर उडताना मला दिसली. माझी छाती फुगली. वरच्या कड्याला लागलो तेव्हा मी ठेवणीतलं काढलं.

"आणि खरं सांगू का? मोजणीत घोटाळा झाला होता. मधली ही थोरलीपेक्षा चार मीटर उंच आहे. भाऊजींनी माझ्याकडे बघून आकडा फिरवला."

भाऊजी थांबले. वळले. तोंड उघडलं. भाचीनं माझा दंड घट्ट धरला. भाऊजींनी त्या उघड्या तोंडात बाटलीतलं पाणी ओतलं, बूच लावलं आणि ते चालू लागले.

माझं ठेवणीतलं संपलं होतं. भाची हळूच म्हणाली, "राहू दे मामा. मी कुलूप आणलंय विकत." मी म्हणालो, "माथा अजून आलेला नाही." भात्यात एकही बाण नव्हता, पण थापाड्यानं कधी रिकामा भाता दाखवू नये.

माथ्यावर मोजणीचा खांब आहे, सिमेंटचा, कमरेएवढा. तिथं पोचलो. तिन्ही बाजूंना समुद्र. डावीकडे धाकलीचा पाय पाण्यात गेलेला, उजवीकडे बंदराची भिंत काडीएवढी, मधे एक जहाज, चाललंय की थांबलंय कळू नये असं. भाऊजी खांबावर हात ठेवून उभे राहिले.

"इथूनच," मी घसा खाकरला, "मी इतकं लांब पाहिलं, की नजर जगाला वळसा घालून आली आणि मला माझीच पाठ दिसली. कॉलर मळलेली होती."

कुणी हसलं नाही. मग जे सुचलं ते बोललो.

"आणि ते काही सोपं नव्हतं बरं का. कड्याखाली भाऊजींचा पाय मुरगळला. मग काय, एका खांद्यावर मोजणीची तिपाई, पाठीवर भाऊजी, असा मी वर आलो. आम्ही दोघंच. मदतीला तिसरं माणूस नाही."

भाऊजींनी खांबावरचा हात उचलला. समुद्राकडे पाठ केली, काठी माझ्या छातीवर टेकवली आणि गंजलेलं बिजागर करकरावं तशा आवाजात म्हणाले,

"खोटं. दोघं नव्हतो, तिघं होतो. पाय तुझा मुरगळला होता, माझ्या पाठीवर तू होतास, आणि तिपाई तुझ्या ताईनं आणली."